सासऱ्यांना शिकवू शकेल तो कोर्स

शिवणकारखान्यात नव्या मुलींना मशीनवर तयार करणाऱ्या बाईला साहेबांनी बजावलं होतं, "धडे कसे रचायचे ते शिकवणारा एक ऑनलाइन कोर्स सोमवारपर्यंत निवडा. नाहीतर शिकवण्याचं काम बाहेरच्या कंपनीला देतो."

पंधरा वर्षांचं काम बाई अशी सोडते होय! पण इंटरनेटवर कोर्स पन्नास आणि प्रत्येकाला पाच तारे. शेवटी तिने सासऱ्यांनाच लॅपटॉपसमोर बसवलं.

"मी कशाला गं?"

"शिकवायचं कसं हे शिकवतात ना? मग आधी तुम्हाला काहीतरी शिकवून दाखवू देत."

पहिला कोर्स झाला. "काय कळलं, बाबा?"

"शिकवणाऱ्या बाईंचा चष्मा झकास आहे."

बाद! दुसऱ्यातले गृहस्थ आपली प्रमाणपत्रंच दाखवत बसले आणि सासरे घोरायला लागले. तोही बाद.

तिसऱ्यात साध्या शर्टातला माणूस म्हणाला, "धडा संपल्यावर शिकणाऱ्याला नेमकं काय करता यायला हवं, ते आधी ठरवा. घरातल्या कुणाला तरी एक काम शिकवून बघा."

बाईने कपडे धुण्याचं मशीन निवडलं. तीन पायऱ्या दाखवल्या आणि हात मागे बांधून गप्प उभी राहिली. सासऱ्यांनी एकट्याने कपडे टाकले, पावडर घातली, बटण दाबलं. मशीन गरगरू लागलं!

बाईने तिथल्या तिथे साहेबांना कोर्सचं नाव कळवलं.

सासऱ्यांचा चेहरा मात्र पडला. "बारा वर्षं 'मला जमत नाही' म्हणून सुटत होतो. आता काय सांगू?"

"त्याचा कोर्स तुम्हीच शोधा, बाबा."