भर श्रावणात चाललेलं जिन

एका बँडचं वाजवणं मी एकटीनं बंद पाडलं आहे, तेही मेन स्विच ओढून. तेव्हा मी चाळिशीची, गायनाच्या दोन परीक्षा पास, आणि संगीतातलं सगळं आपल्यालाच कळतं अशा ऐटीत!

नव्वदच्या दशकातला श्रावण. नागपूरहून बसनं निघाले. पैनगंगेचा पूल ओलांडला आणि पाट्या तेलुगू झाल्या. आदिलाबादला ताईकडे पोचले, तर ताटात ज्वारीची भाकर आणि गोंगूरा (आपली अंबाडीच, तिखट दुप्पट). भाचा दिसेना, म्हणून नाक पुसत विचारलं, "सतीश कुठाय?"

"जिनात. दोस्तायसंग वाजवून राह्यला. आज यायलेबी घेऊन गेला. म्हणे, बाबाले आयकवतो."

ताईनं पदर डोळ्यांना लावला. भाऊजींचा जन्म त्याच जिनात, कापसातली सरकी काढायच्या मशीनवर गेला आणि त्या खडखडाटात दोन्ही कानही गेले. पोराच्या गिटारचा एक सूर त्यांनी ऐकला नव्हता.

मी जिनाच्या फाटकाशी पोचते तो आतून लोखंड फाटल्यासारखा आवाज. खट्ट-खट्ट-घर्रर्र, मधेच दचकून थांबणं, मग जमिनीखालून आल्यासारखी घरघर, वर कुणाचं तरी घसा खरवडून ओरडणं. मी कापसाच्या घरातली लेक. मशीनच्या रोलरमध्ये खडा अडकला की ठिणगी उडते, कापसाची गंजी पेटते, हे मला पाठ. "आग लागंल, आग!" करत धावले आणि मेन खाली ओढला. दसऱ्याआधी जिनात कापूसच नसतो, हे मात्र शहाणीच्या डोक्यात आलं नाही.

आत सगळं गप्प. सतीशच्या गिटारच्या तारा सैल सोडलेल्या, ढोलवाल्यापुढे गंजका पत्रा टांगलेला. आणि भाऊजी स्पीकरच्या खोक्याला दोन्ही तळवे लावून, डोळे मिटून बसलेले.

"मावशी, थे आपल्या रोलरचीच लय हाय," सतीश म्हणाला. "बाबाले वळखू येईन म्हणून बसवली. मेटल म्हणतेत याले."

म्हणजे लोखंडच की! मग मी फार चुकले नव्हते.

मुकाट्यानं मेन वर केला. पुन्हा सुरू झालं तेव्हा माझे कान किटले, पण भाऊजींचं बोट खोक्यावर ठेका धरत होतं. मी जागची हलले नाही.

परतीच्या वाटेवर पुलावर बस खडखडली आणि माझाही हात खिडकीच्या गजावर गेला. परीक्षेसाठी लय हातावर मोजायला शिकले होते. हातानं ऐकायची मात्र राहूनच गेली होती. मेन ओढल्यावर भाऊजींनी डोळे उघडले होते आणि बहिऱ्या माणसाच्या त्या मोठ्या आवाजात मला विचारलं होतं:

"काऊन बंद केलं वं, सुमन? आत्ता कुठं पोरगं आयकू येऊन राह्यलं होतं!"