दोन शब्दांची उडी

फोन आला तेव्हा मी लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत एका बंद कारखान्यातला कॉम्प्रेसर घेत होतो. घासाघीस अर्ध्यावर आली होती आणि समोरचा माणूस आता उतरणार हे मला दिसत होतं. "शांताराम पेंटर गेला," फोनवर गावातल्या कोणीतरी सांगितलं. सकाळी अंघोळीला पाणी तापवलं, ओटीवर टेकला तो उठलाच नाही. मी फोन खिशात ठेवला आणि समोरच्याने सांगितलेल्या भावाला हो म्हटलं. जुनी यंत्रं घेण्या-विकण्यात आयुष्य गेलं, पण असं कधी केलं नव्हतं. समोरचाही गोंधळला. यात काही खोट आहे का, असं त्यानेच मला विचारलं...

शांताराम मिरजोळ्यातल्या दुकानांच्या पाट्या रंगवायचा. आम्ही दोघं विशीत असताना एका संस्थेच्या अडगळीतून मला एक प्रोजेक्टर मिळाला आणि त्याच्याबरोबर डब्यात एक रीळ. कुठल्यातरी परदेशातलं काळं-पांढरं कार्टून. जाडं मांजर होडी वल्हवतंय, मागे कावळे बसलेत, आणि शेवटी चित्र थांबून खाली इंग्रजी गाणं येतं. त्या शब्दांवरून एक पांढरा चेंडू टुणटुण उड्या मारत जातो, ज्या शब्दावर चेंडू तो शब्द सगळ्यांनी म्हणायचा. मी म्हटलं, गावोगाव दाखवू, चार पैसे सुटतील. पहिल्याच गावात लोक गप्प बसून राहिले. इंग्रजी कोण वाचणार! परतताना मी चिडलेला, शांताराम मात्र ती चाल गुणगुणत होता. आठ दिवसांत त्याने मांजरपाटाच्या लांब पट्टीवर मराठी शब्द रंगवून आणले, चालीत नेमके बसवून:

होडी चालली, होडी चालली, मागे बसलाय कोण?
मांजर म्हणे, मी नव्हे, कावळे आणले दोन!

पट्टी पडद्याखाली बांधायची, तिच्यावर बत्तीचा उजेड सोडायचा. चिव्याच्या, म्हणजे बारीक बांबूच्या काठीच्या टोकाला त्याने उंडलाच्या झाडाचं सुकं, गोट्यासारखं गोल फळ बसवलं होतं, पांढरा ऑइलपेंट दिलेलं. मी यंत्र चालवायचो आणि हा बाजूला उकिडवा बसून पडद्यावरच्या चेंडूबरोबर आपला गोटा शब्दांवरून नाचवायचा. पाटी-पेन्सिल कधी हातात न धरलेल्या बायासुद्धा गोट्याकडे बघून बरोबर गायच्या. एक म्हातारी म्हणाली होती, "अक्षर नाय कळत रे झिला, पण ह्यो कुठं बसतो ता कळता."

गुहागरकडच्या एका गावात रीळ अडकून जळलं आणि तुटलं, ते नेमकं गाण्यात. जळलेला तुकडा कापून मी तेवढीच काळी फिल्म जोडली. तेव्हापासून "मांजर म्हणे" झालं की पडदा काळा व्हायचा, दोन शब्दांपुरता आवाजही जायचा. मी म्हटलं, पट्टीवरचे ते शब्द पुसून टाक. "कशाला? असू देत," शांताराम म्हणाला, आणि त्या अंधारात त्याने गोटा उंच उडवून थेट 'कावळे' या शब्दावर आणला. लोक ओरडले, "हुप!" पुढच्या वर्षी सगळ्या गावांत तसंच. मांजर म्हणे... हुप!... कावळे आणले दोन. पोरंसोरं वाटेने जातानाही ते गाणं त्या उडीसकटच म्हणायची. मधलं 'मी नव्हे' कोणाच्या तोंडी राहिलंच नाही.

मग घरोघरी टीव्ही आले. मी धंदा वाढवला, यंत्रं घेतली, शेड बांधली. प्रोजेक्टर माझ्याकडे राहिला, रीळ, पट्टी, काठी त्याच्याकडे. इथून माझं दुखणं सुरू होतं. जुन्या फिल्मची प्रत करून देणारी माणसं असतात हे मला कळलं तेव्हा मी त्याच्याकडे गेलो. रीळ विकत दे म्हटलं. "नाय विकायचंय." नुसतं प्रत करायला दे. "तुला दिलं की तू विकशील, मेल्या. तुझा हात थांबायचा नाय." मी ओरडलो, तो चहा ठेव म्हणून आत सांगून मोकळा. वर्षानुवर्षं हेच. दर खेपेला मी भाव चढवून जायचो, तो हसायचा, मी पाय आपटत निघायचो... सगळ्या तालुक्यात माझ्या शब्दावर माल उचलला जातो, आणि ज्याच्याशेजारी बसून मी गावोगाव यंत्र फिरवलं त्याला माझ्या शब्दाचा भरवसा नाही! मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मला ते जमलेलं नाही.

तेरावं झाल्यावर सुमनवहिनींनी, त्याच्या बायकोने, बोलावलं. डबा समोर ठेवला. "न्या भावोजी. आता कोण नको म्हणतंय?" झाकण गंजलेलं होतं. उघडलं तर व्हिनेगरसारखा आंबूस वास नाकात गेला, आणि आत रिळाची एकसंध वडी झालेली. टोक सुटेना. फिल्म एकदा अशी आंबली की संपली, हे मला कोणी सांगायला नको. वेळेवर माझ्या हाती दिलं असतं तर ते मांजर आज वल्हवत असतं. मी वहिनींना तसं सुनावलं. त्या पदराने डब्यावरची धूळ पुसत, सवयीने, हलकेच म्हणायला लागल्या, "होडी चालली, होडी चालली..."

'मांजर म्हणे'पर्यंत आल्या आणि थांबल्या. मागीलदारी कोणीतरी नारळ सोलत होतं, तेवढाच आवाज. मग त्या थेट 'कावळे आणले दोन'वर गेल्या; मधलं 'हुप' कोणी म्हटलंच नाही.

काठी दाराच्या चौकटीवर दोन खिळ्यांवर आडवी ठेवलेली होती. गोट्यावरचा रंग पिवळा पडलाय. "ती तरी न्या," वहिनी म्हणाल्या.

"फुकटचा माल मी उचलत नाही. भाव सांगा."

"भाव नाय सांगत."

"मग मी कशी नेणार?"

"मग नका नेऊ," म्हणाल्या, आणि आत वळून सुनेला चहा ठेवायला सांगितला.

मी बसलो. चहा घेतला, डबा तिथेच ठेवला. निघताना चपला घालता घालता सांगितलं, की काठीचं आज काही जमत नाही, पुढच्या महिन्यात येऊन परत बोलतो.