ह्यांचा हरवलेला कार्बोरेटर

हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. बहिणीला नाही, मुलांना नाही, देवापुढे बसूनसुद्धा कधी नीट शब्दांत मांडलं नाही. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही आमच्या घरातले नाही म्हणून असेल. घरातल्यांना सांगायला बसले तर ते हसायला लागतील, कारण ह्या गोष्टीवर आमचं घर वर्षानुवर्षं हसतच आलंय.

आमचे हे विसराळू होते, असं सगळे म्हणतात. नातवाची छत्री कुठे राहिली, की "आजोबांवर गेलाय" म्हणतात. मग कार्बोरेटरची गोष्ट निघतेच. आजोबांनी वणवण करून मोटारसायकलचा कार्बोरेटर मिळवला आणि घरी आणून हरवला! ती गोष्ट सगळ्यांत रंगवून कोण सांगायचं? मीच.

थांबा, आधी मोटारसायकलचं सांगते.

माझं माहेर धसईचं, मुरबाड तालुक्यातलं. लग्न होऊन किन्हवलीला आले तेव्हा युद्ध चालू होतं. हे शहापूर-मुरबाड रस्त्यावर एका शेटजींची सर्व्हिस मोटार चालवायचे. पेट्रोल कुपनावर, म्हणून मोटारीच्या पाठीवर कोळशाच्या गॅसचं भलंमोठं पिंप बसवलेलं. चढ आला की उतारूंनी उतरून ढकलायचं. अशा दिवसांत ह्यांनी शहापूरच्या एका लाकडाच्या ठेकेदाराकडून जुनी विलायती मोटारसायकल उचलली — पहिल्या युद्धाच्या वेळची, वखारीत गंजत पडलेली — आणि बैलगाडीत घालून घरी आणली. मामंजींनी तिच्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, म्हातारा बैल निदान शेण तरी टाकतो.

मला मात्र ती आवडली. खरं सांगायचं तर मला हे आवडायचे, आणि ती ह्यांना आवडायची. तिच्या टाकीतला गंज काढायला आम्ही ओढ्यातली बारीक खडी आत भरली आणि दोन बाजूंनी धरून टाकी हलवली. सासूबाई ओरडेपर्यंत हलवली. हसून हसून माझे हात गळून गेले होते. लग्नानंतर मी इतकी पहिल्यांदाच हसले असेन.

टाकीपासूनची नळी कल्याणच्या तांबटाकडून तांब्याची करून आणली. तिचा कॉक, म्हणजे पेट्रोल सोडायची तोटी, कुठल्याशा मोडक्या इंजिनाचा मिळाला. अडलं ते कार्बोरेटरपाशी. जुन्याला तडा गेलेला, आणि आतला फ्लोट, म्हणजे पितळेचा पोकळ गोळा, चेपून गेलेला. फ्लोट कशाला लागतो ते ह्यांनी मला बादलीत वाटी तरंगवून दाखवलं. पेट्रोल वाढलं की फ्लोट वर येतो आणि सुई पेट्रोलचं तोंड बंद करते, उतरलं की उघडते. गावात कुठला नवरा बायकोला असं काही समजावून सांगायचा? माझी मान ताठ झाली होती.

हे लक्षात ठेवा. फ्लोट म्हणजे काय, ते मला माहीत होतं.

मग शोध सुरू झाला. सुट्टी मिळाली की हे निघाले. कल्याण, भिवंडी, कधी पार मुंबईचा भंगारबाजार. एकदा भलत्याच मोटारीचा कार्बोरेटर घेऊन आले. एकदा कुणीतरी स्टोव्हचा भाग खपवला. दारात शिरतानाच्या चालीवरून मला कळायचं, मिळालं की नाही. शेवटी कल्याणला लष्करी छावणीचं भंगार विकणाऱ्याकडे, वाकड्या सायकलींच्या ढिगाखाली, हुबेहूब तसाच सापडला. पितळी, जड, फ्लोटसकट धड. त्या दिवशी ह्यांनी घरी येऊन पाणीसुद्धा मागितलं नाही. सुपात एकेक भाग सुटा करून ओळीनं मांडला आणि मला म्हणाले, "ह्या पौषात म्हशाच्या जत्रेला आपण दोघं हिच्यावर जायचं. मागं नीट धरून बस म्हंजे झालं."

विसराळू? अहो, सुपातला एक बारीक स्क्रू मी बोटानं सरकवला तर ह्यांनी न बघता परत जागेवर ठेवला. असा माणूस.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोटारीवर जायची वेळ झाली, तसे सगळे भाग धोतराच्या फडक्यात बांधून ह्यांनी पुरचुंडी वरच्या कोनाड्यात ठेवली. आल्यावर बसवतो म्हणाले.

त्याच दुपारी कासार आला.

इतकी वर्षं मी मनाला सांगत आले की पुरचुंडी चुकून गेली. कासाराला मोडीत द्यायची जुनी भांडी त्याच कोनाड्यात होती, घाईत हाताला लागली, झालं. किती सोपं आहे असं म्हणणं. चुकून नाही गेली.

माझा तांब्या गळका होता. माहेरून आलेला, बुडाला भोक पडलेला, मेण लावून वापरायची. जत्रेआधी माझे वडील आमच्याकडे येणार होते. लेकीच्या घरी त्यांना गळक्या तांब्यातून पाणी द्यायचं? त्यात सासूबाईंनी सकाळीच टोमणा मारला होता, माहेरच्या भांड्यातलं पाणी माहेरच्यांनाच पाज म्हणून. कासाराच्या तागडीत मी तो तांब्या टाकला, फुटकी पळी टाकली, समईची मोडकी तेलाची वाटी टाकली. त्यानं काटा धरला आणि मान हलवली. "थोडी मोड कमी पडते, वयनी. नायतर हा बारका तांब्या घ्या."

बारका नको होता मला. तो मोठा, गोल, रुंद तोंडाचा हवा होता.

मी आत गेले. कोनाड्यासमोर उभी राहिले. रागही आला होता, लपवत नाही. ह्यांना त्या लोखंडाच्या धुडासाठी गावोगाव फिरायला वेळ होता, आणि माझ्या तांब्याला डाग लावून आणायचं मात्र लक्षात राहत नव्हतं. वाटलं, शोधतील दुसरा. शोधायला आवडतंच की ह्यांना! पुरचुंडी उचलली, अंगणात नेली, फडकं सोडून तागडीत ओतली. फ्लोट घरंगळून खाली पडला. कासार म्हणाला हा पोकळ आहे, ह्याला वजन नाही. आणि मी तो माझ्या हातानं उचलून परत तागडीत ठेवला.

तिन्हीसांजेला हे आले, हात धुतले, कोनाड्यात चाचपलं. मला विचारलं. दुसऱ्या दिवशी कासार सरळगावला बसणार होता. ह्यांची मोटार तिथूनच जायची. मी एक वाक्य बोलले असते तर सगळं परत आलं असतं — कार्बोरेटर, जत्रा, सगळं. मी चुलीत फुंकर घालत म्हणाले, "तुमी सकाळी जाताना खाली काढलीत ना पुरचुंडी? मोटारीत नेलीत."

"नेली मी?"

"नेलीत. मी बघितलं."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. संशयानं नाही हो. संशय आला असता तर बरं झालं असतं. ह्यांनी माझं ऐकलं आणि स्वतःवरचा विश्वास काढून घेतला. दुसऱ्या दिवसापासून किन्हवली ते मुरबाड, प्रत्येक थांब्याला, प्रत्येक दुकानात विचारत फिरले. मोटारीच्या सीटा उसवून पाहिल्या. वडील आले, नव्या तांब्यातून पाणी प्यायले, छान आहे म्हणाले. जत्रेला आम्ही बैलगाडीनंच गेलो.

त्यानंतर हे दाराची कडी दोनदा बघायला लागले. मोटारीचं तेल बघितलं की नाही, हे क्लीनरला विचारायला लागले. आणि मी काय केलं? थट्टा. "ह्यांच्या हाती काय देऊ नका हो, मोटारीत विसरतील." लोक हसायचे. हेही हसायचे, सगळ्यांत आधी.

युद्ध संपल्यावर शेटजी घरी आले. मुरबाडला मोटारी दुरुस्तीचा कारखाना काढायचा होता, आणि तो ह्यांनी सांभाळावा अशी त्यांची इच्छा होती. इंजिनाची अशी जाण तालुक्यात कुणाला नव्हती. मी दाराआड उभी होते. आतून म्हणत होते, हो म्हणा, हो म्हणा.

"नको शेट," हे म्हणाले. "माझ्याच्यानं वस्तू संभाळून होत नाय. लोकांच्या गाड्या कशाला माझ्या गळ्यात? आमी ड्रायवरच बरे."

तेव्हा तरी बाहेर यायला हवं होतं. मी चहा ओतत राहिले.

मोटारसायकल गोठ्यात राहिली, कोंबड्या तिच्यावर बसायच्या. पुढे मुरबाडचा एक माणूस ती भंगारात घेऊन गेला. हे गाडीत चढवायला हात लावून आले, ओसरीवर बसले आणि पाणी मागितलं. मी त्या तांब्यातून दिलं. तो तांब्या ह्यांचा फार आवडता. ह्यातलं पाणी थंड राहतं म्हणायचे, पाहुण्यांनाही सांगायचे, आमच्या हिची निवड म्हणून.

शेवटच्या आजारात मुलानं कपाटाची किल्ली ह्यांच्या उशाशी ठेवली. ह्यांनी ती माझ्याकडे सरकवली. "तू ठेव गो. मी हरवीन."

मी किल्ली कनवटीला लावली. दोन दिवसांनी ह्यांच्या तोंडात तुळशीपत्रानं पाणी घातलं, तेही त्याच तांब्यातलं.

ह्यांनी जन्मात काहीही हरवलं नव्हतं.