पाटी लहान, खेपा जास्त

कुसाबाईच्या गिरणीची मोटार दुसऱ्यांदा जळाली, तेव्हा गावाकडे कारणं तयारच होती. कुणी म्हणालं मोटार नकली, कुणी म्हणालं जागाच वाईट. नवरा सावळीराम मात्र शोधक बुद्धीचा माणूस. फ्यूज सारखा उडतो म्हणजे त्यातली तार बारीक, असं त्याने आधीच ठरवून तारेचे तीन पदर पिळून फ्यूजमध्ये बसवले होते. त्यानंतर फ्यूज एकदाही उडाला नाही. थेट मोटारच जळाली. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच.

"इकून टाकू गिरणी," तो म्हणाला. "आता भरून आणू, पन तिसऱ्यांदा जळली तर कशानं भरायची?"

 चांदवडच्या त्या टापूत कुसाबाईने अर्धं आयुष्य दुसऱ्याच्या शेतातला कांदा डोक्यावरून साठवणीच्या चाळीत वाहिला होता. तिची मान अजून डावीकडे पुरती वळत नसे. गिरणी गेली तर परत डोक्यावर पाटी, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. आणि तिला ती पाटी नको होती. मेली तरी नको होती.

दुसऱ्या दिवशी ती जळालेली मोटार घेऊन चांदवडला गेली. कुंदन मोटारी भरायचा, म्हणजे जळालेली तार काढून तांब्याची नवी गुंडाळायचा. कुसाबाई त्याच्या दुकानातल्या बाकड्यावर बसली.

"भरायची मंग भर. आधी ती का जळती, ते सांग."

"मावशी, तुमच्याकडं व्होल्टेज पडतं."

"कमी वीज आली तर मोटार थंड पायजे. जळती कशी?"

प्रश्न बिनतोड होता. कुंदनने हातातलं काम न सोडता सांगितलं, की वॅट म्हणजे कामाचा वेग, आणि तो ठरतो व्होल्ट आणि अँपिअरच्या गुणाकाराने. दळण तेवढंच ठेवून व्होल्ट घसरले की मोटार जास्त अँपिअर ओढते, आणि अँपिअर वाढले की तार तापते. कुसाबाईने मान डोलावली नाही. कळलं नसताना मान डोलावणारी ती बाईच नव्हे. तिने पुन्हा विचारलं, त्याने पुन्हा तेच सांगितलं, पहिल्यापेक्षा मोठ्या आवाजात. आवाज वाढवून गोष्ट कळत असती, तर एव्हाना सगळा तालुका विद्वान झाला असता.

कुंदनने जेवणाचा डबा उघडला तरी ती बसूनच होती. मग एकदम म्हणाली, "थांब. मुकादम म्हनला, सांजच्याला कांदाचाळ भरलीच पायजे. पन पाट्या दिल्या लहान. मंग बाया काय करतील?"

"खेपा वाढवतील."

"पळत वाढवतील. मंग पाय भाजतील, मान मोडंल, अरुंद बांधावर एकमेकीला धक्के बसतील. पाटी म्हंजे तुझा व्होल्ट. खेपा म्हंजे अँपिअर. तासाभरात चाळीत पडला तेवढा कांदा, त्यो वॅट. असंच ना?"

कुंदनचा घास हातातच राहिला. "असंच, मावशी," तो म्हणाला. "आता मला जेवू द्या."

मोटार भरून आली, तेव्हा तिने सोबत व्होल्टचा आणि अँपिअरचा असे दोन काटे भिंतीवर बसवून घेतले आणि फ्यूजमध्ये बेताची तार घातली. अँपिअरच्या तबकडीवर कुंदनने लाल खूण करून दिली होती. त्यापुढे काटा गेला की खेपा जास्त झाल्या.

खरी परीक्षा जत्रेच्या आदल्या दिवशी दुपारी झाली. गव्हाचे डबे घेऊन बायांची रांग दारापर्यंत लागली होती आणि नेमके तेव्हाच शिवारातले सगळे पंप चालू झाले. व्होल्टचा काटा खाली आला, अँपिअरचा वर. कुसाबाईने जात्यात दाणा कमी सोडला. काटा थोडा मागे आला, पण व्होल्ट आणखी पडले आणि तो लाल खूण ओलांडून गेला. तिने गिरणी बंद केली.

मग काय विचारता! "जत्रेच्या तोंडावर नखरे," एक म्हणाली. दुसरीने डबा उचलला आणि शेजारच्या गावाची वाट धरली. सावळीराम तीन पदरी तार घेऊन धावत आला.

"घाल ही आन कर चालू. गाव तोंडात शेन घालील!"

कुसाबाई फ्यूजच्या बोर्डासमोर आडवी उभी राहिली.  गिऱ्हाईक तुटलं तरी गिरणी जाणार होती. पण तिचा आवाज हलला नाही.

"आवो, हात लावायचा नाय."

मग ती बायांकडे वळली आणि पाटीचं, खेपांचं, बांधाचं सगळं सांगितलं. रांगेतल्या जवळजवळ सगळ्यांनीच कांदा वाहिला होता. कुणाला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. अक्काबाई त्यांच्यात सगळ्यात वयस्क, कुसाबाईच्या पुढे चालून तिने कितीतरी चाळी भरल्या होत्या. ती डब्यावर टेकली.

"मंग बसू द्या की तिला," मोटारीकडे बोट करून ती म्हणाली. "आपल्याला लहान पाट्या दिल्या, तवा आपल्यात कुनी फ्यूज बसवला व्हता?"

 एकेक करून बाया आपापल्या डब्यांवर बसल्या.

सावळीरामने तार खिशात घातली आणि व्होल्टच्या काट्यासमोर जाऊन उभा राहिला. दिवस कलला, पंप बंद होत गेले. "चढला," तो हळूच म्हणाला. "पाटी मोठी झाली गं."

कुसाबाईने आधी मोटारीच्या पाठीवर तळवा ठेवला. मोटार निवली होती. मग तिने स्टार्टर दाबला आणि अक्काबाईचा डबा सगळ्यांच्या आधी ओतला.