दोन गाड्या

नगरला स्टेशनच्या बाजूला एका भाड्याच्या दुमजली घरात आमचं निवारागृह होतं. बाहेर सरकारी पाटी होती, पण रिक्षावाले त्याला 'बायकांचं ऑफिस' म्हणत आणि आत राहणाऱ्या बाया नुसतं 'घर' म्हणत. मी तिथली अधीक्षिका. हुद्दा भारदस्त, पण काम म्हणजे सकाळी दूध घेण्यापासून ते कोर्टात साक्षीला उभ्या राहणाऱ्या बाईला पाणी देण्यापर्यंत सगळं. नवऱ्याच्या मारातून सुटून आलेल्या, रस्त्यावर सापडलेल्या, जायला दुसरं दार नसलेल्या बाया आमच्याकडे यायच्या. घर चालायचं सरकारी अनुदानावर. त्याच योजनेतून आठवड्याला मानसोपचाराचे डॉक्टर यायचे, केस लढायला वकीलबाई मिळायच्या आणि फाटकाशी एक होमगार्ड बाई बसायची.

मावशीला पोलिसांनी आणलं ते भर उन्हाळ्यात. कोल्हारच्या पुलापाशी ती कितीतरी दिवस भटकत होती म्हणे. पायात चप्पल नव्हती, तळवे डांबरानं भाजून काळे पडले होते. वय पन्नाशीच्या आतबाहेर. नाव विचारलं, गाव विचारलं, पोरंबाळं विचारली. ती आमच्या तोंडाकडे बघायची, पण आम्ही तिला दिसत नव्हतो. शेवटी सगळ्या तिला मावशीच म्हणायला लागल्या.

डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या. "वेळ लागेल," म्हणाले. ती दिवसभर मागच्या हौदाशी बसून एकच पातेलं घासायची. कुणी हात लावला की अंग चोरून घ्यायची, म्हणून आंघोळीला नेणं सगळ्यात अवघड. वर्ष गेलं. झोप लागायला लागली, जेवण सुधारलं, पण तोंडातून शब्द नाही. ती मुकीच आहे असं आम्ही धरून चाललो होतो.

मग श्रीगोंद्याकडची पोरगी आली.

वय विशी-बाविशीचं. उजवा हात प्लॅस्टरमध्ये, डोळ्याखाली पिवळा पडलेला वळ. नवरा ऊसतोडीच्या टोळ्यांचा मुकादम होता. हात त्यानंच मोडला होता. आई लहानपणीच वारलेली. भावानं दोनदा तिला परत सासरी नेऊन सोडलं होतं आणि तिसऱ्यांदा दारच उघडलं नव्हतं. ती पोलीस ठाण्यात गेली आणि तिथून आमच्याकडे आली.

पहिल्या दिवशी सकाळी ती ओसरीवर बसून डाव्या हातानं केस विंचरायचा प्रयत्न करत होती. जट झाली होती, कंगवा अडकायचा, हातातून पडायचा. मी उठून जाणार, इतक्यात हौदावरून मावशी आली. ओले हात लुगड्याला पुसले, पोरीच्या मागं बसली आणि तिनं कंगवा हातात घेतला. ज्या बाईनं वर्षभर कुणाला स्पर्श केला नव्हता, ती टोकापासून एकेक गुंता सोडवत वर चढत होती, खेचलं जाऊ नये म्हणून केसांची मुळं दुसऱ्या हातानं दाबून धरत होती. स्वयंपाकाच्या बाई पोळी लाटायची थांबल्या. वेणी घालून झाली तशी मावशी वाकून पोरीच्या प्लॅस्टरकडे बघत म्हणाली, "लई दुखतंय का, माय?"

मी आत जाऊन रडले. का ते मला आजही नीट सांगता येणार नाही.

त्यानंतर दोघी एकमेकींच्याच झाल्या. मावशी फार बोलत नव्हती, पण बोलायची. तेही बहुतेक पोरीशीच. "जेवलीस का", "उन्हात नको बसू", एवढंच. पोरगी मात्र तिच्याशी अखंड बडबडायची. शाळेत पाठ केलेल्या कविता, शेतातल्या गमती, मेलेल्या आईनं केलेल्या हुलग्याच्या माडग्याची चव. ती तिला 'आये' म्हणायला लागली आणि आम्हा कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. चौदा एप्रिलला पोरीनं पांढरी साडी नेसली आणि दुसरी एक पांढरी साडी मागून मावशीलाही नेसवली. दोघी फाटकापाशी उभं राहून मिरवणूक बघत होत्या. मावशी कुठल्या जातीची, कुठल्या धर्माची, कुणालाच ठाऊक नव्हतं. पोरीला विचारलं तर म्हणाली, "त्याला काय हुतंय? ती माझ्यासंगं हाय."

हात बरा झाला, पण कोर्टाचं नाव काढलं की पोरगी उठून हौदाकडे जायची. साक्षीच्या दिवशी ती गाडीत बसेना. मावशी आधी जाऊन बसली आणि शेजारची जागा हातानं थोपटली, तेव्हा ती बसली.

कोर्टात नवरा, दीर, गावातली चार माणसं येऊन बसली होती. पोरगी पिंजऱ्यात उभी राहिली आणि तिचा आवाजच फुटेना. तिनं मागं वळून पाहिलं. शेवटच्या बाकावर मावशी ताठ बसली होती, तिच्याकडेच बघत. मग पोरीनं सगळं सांगितलं. उसाचं टिपरू, मोरीची फरशी, हात मोडल्याचा आवाज. नवऱ्याच्या वकिलानं तिला मधेच अडवलं, "सारखं मागं काय बघता? कोण शिकवून घेऊन आलंय तुम्हाला? त्या बाई कोण?"

"ती माझी आई हाय," पोरगी म्हणाली.

न्यायाधीश बाईंनी चष्म्यावरून मावशीकडे पाहिलं, मग पोरीकडे, आणि "पुढे चला" म्हणाल्या.

परत येताना दोघी रस्त्यात उसाचा रस प्यायल्या. पोरगी इतकी हसत होती की मावशीही हसली. तिचे पुढचे दोन दात नाहीत हे मला तेव्हा कळलं.

अनुदान लांबणं आम्हाला नवीन नव्हतं. दरवर्षी थोडं इकडेतिकडे व्हायचं, किराणावाला सांभाळून घ्यायचा, आम्ही पगाराशिवाय काढायचो. त्या वर्षी मात्र ते आलंच नाही. आधी डॉक्टरांची फेरी बंद झाली. मावशीला सिव्हिलला घेऊन जायला लागलो; तिथल्या गर्दीत ती कानावर हात ठेवून खाली बसायची. मग होमगार्ड बाई दिसेनाशी झाली, आणि पुढच्याच आठवड्यात पोरीचा दीर समोरच्या चहाच्या टपरीवर मोटरसायकल लावून बसायला लागला. पोरगी फाटकाकडे फिरकेनाशी झाली. शेवटी वरून कळवलं गेलं, की योजनेची मुदत संपली, घर बंद करायचं, बायांची सोय जवळच्या जिल्ह्यांत करायची.

मी जिल्हा कार्यालयात गेले. साहेब वाईट नव्हते. त्यांनी मला बसवलं, चहा सांगितला.

"साहेब, बाकीच्यांचं ठीक आहे," मी म्हटलं. "पण या दोघींना एकत्र ठेवा. कुठंही ठेवा."

"मॅडम, ती तरुण बाई महिला विभागाकडे जाणार. ती दुसरी मनोरुग्ण, ती आरोग्याकडे. खर्चाचे हेडच वेगळे आहेत. एका गाडीत कसं घालू मी त्यांना?"

"त्या मायलेकींसारख्या राहतात."

"सारख्या," साहेब म्हणाले. तो शब्द त्यांनाही जड गेला. ते खिडकीकडे बघत राहिले. "नातेवाईक असती तर मी आज सोडलं असतं. पण ही तिची कोण लागते, सांगा मला."

घरी येऊन मी पोरीला सांगितलं. ती रडली नाही. तिनं एका दिवसात एमआयडीसीत पॅकिंगचं काम शोधलं आणि मैत्रिणीच्या ओळखीनं एक खोलीही बघून आली. "मी तिला सांभाळते ताई. माझ्या ताब्यात द्या म्हनावं. मी कुटं सरकारला कायी मागतेय?" वकीलबाईंची नेमणूक तोवर संपली होती, तरी त्यांनी तिच्यासाठी अर्ज केला. कोर्टानं तारीख दिली. मी साहेबांना फोन केला, तारखेपर्यंत थांबा म्हटलं. त्यांनी प्रयत्न केला असावा, असं मला वाटतं. पण घराचा भाडेकरार संपत होता आणि वीज आधीच तोडली होती.

गाड्या तारखेच्या आधी आल्या.

एक पांढरी जीप, एक रुग्णवाहिका. सकाळची वेळ. पोरीनं मावशीला आंघोळ घातली, स्वच्छ लुगडं नेसवलं, पिशवीत गोळ्या आणि खारी ठेवली. रुग्णवाहिकेजवळ येईपर्यंत मावशी शांत होती. पायरीवर पाय ठेवला आणि तिनं मागं पाहिलं.

"तू बस की," ती पोरीला म्हणाली.

पोरगी हलली नाही. मावशी पायरीवरून खाली उतरली. बरोबर आलेला कर्मचारी तिचा दंड धरायला पुढं झाला, तशी मावशीनं अंग चोरून घेतलं, पहिल्या दिवसासारखं. तिचं तोंड वाकडं व्हायला लागलं. त्याच्या हातात सुई होती, ती मीही पाहिली, पोरीनंही पाहिली.

"आये, तू हो म्होरं," पोरगी चटकन म्हणाली. "मी मागनं येते. ह्या दुसऱ्या गाडीत बसून येते. ही बघ, माझी गाडी."

मावशीनं जीपकडे पाहिलं. विश्वास ठेवला. स्वतःच चढून बसली आणि काचेतून जीपकडे बोट दाखवत राहिली, बस, बस म्हणून. रुग्णवाहिका पुण्याच्या दिशेला वळली. पोरगी जीपमध्ये बसली आणि जीप उलट्या दिशेला गेली. मी फाटकाला कुलूप घातलं. किल्ली घ्यायला घरमालक येणार होते, म्हणून पायरीवर बसून राहिले.

पोरगी थोड्याच दिवसांत नगरला परत येऊन पॅकिंगच्या कामाला लागली. अर्जाचा निकाल तिच्या बाजूनं लागला, पण तारखांवर तारखा पडून पावसाळा गेला आणि थंडी आली. त्या सगळ्या काळात पोरीला मावशीला भेटायची परवानगी नव्हती. नात्यातली नाही म्हणून. ताबा मिळाल्याच्या दुसऱ्याच दिवशी मी आणि ती एसटीनं मावशीला आणायला गेलो. पोरीनं तिच्यासाठी स्वेटर घेतला होता, गडद लाल.

संस्था स्वच्छ होती, माणसं बरी होती. सिस्टर म्हणाल्या, "सुरुवातीला फाटकाशी जाऊन उभी राहायची. गाडी आली की बघायची. आत आणताना फार त्रास व्हायचा. नंतर सोडलं तिनं. आता काहीच त्रास नाही."

मावशीला बाहेर आणलं. केस बारीक कापलेले, गाल बसलेले. पोरगी "आये" म्हणत धावली आणि तिच्या गळ्यात पडली. मावशीचे हात दोन्ही बाजूंना लोंबकळत राहिले. तिनं अंगही चोरलं नाही. ज्याला त्याला जसं करू द्यावं तसं तिनं पोरीला करू दिलं. स्वेटर घातला, घालू दिला. एसटीत बसवलं, बसली. शिरूर येईपर्यंत पोरगी बोलत होती, खोलीबद्दल, शेजारणीबद्दल, कंपनीच्या बसबद्दल. शिरूरनंतर तिचा आवाज थांबला.

"मला वळखत न्हाई का ताई?"

"गोळ्यांमुळे असेल," मी म्हटलं.

"वळखती," मग तीच म्हणाली. "वळखती म्हनून बोलत न्हाई. मी येते म्हनले आन् आले न्हाई."

मी तिला खूप समजावलं. तू नसतं सांगितलंस तर सुई टोचून नेली असती, तू तिला त्यातून वाचवलंस. ती मान हलवत होती, पण ऐकत नव्हती.

आता दोघी एमआयडीसीजवळच्या एका खोलीत राहतात. पोरगी कामावर जाते तेव्हा शेजारीण मावशीकडे बघते. मी दुसऱ्या एका योजनेत कंत्राटावर आहे, सुटीच्या दिवशी जाऊन येते. सिव्हिलचे डॉक्टर म्हणाले, एकदा आलेली वाचा पुन्हा गेली की सांगता येत नाही. मावशी जेवते, झोपते, सांगितलं तिथं बसते. बोललेली नाही. पोरगी अजून तिच्याशी बोलते. भांडतेसुद्धा. "बोलू नगंस, पन भाजी तरी तिखट झाली म्हन," असं एकदा मी जिन्यावरून ऐकलं.

या उन्हाळ्यात पोरीच्या केसचा निकाल लागला. नवऱ्याला शिक्षा झाली. तो वर अपिलात जाणार आणि तोवर जामिनावर राहणार हे वकीलबाईंनी लगेच सांगितलं, पण कोर्टाच्या आवारात पोरगी माझा हात सोडेना. तिनं पेढे घेतले. मला दिला, वकीलबाईंना दिला, कोर्टातल्या शिपायालाही दिला. स्वतः खाल्ला नाही.

"आधी तिला," म्हणाली.

खोलीवर पोचलो तेव्हा मावशी भिंतीला टेकून बसली होती. पोरगी चप्पल न काढताच तिच्यासमोर बसली.

"आये, आपुन जिकलो. जज बाईंनी सगळं खरं धरलं. तू आल्तीस ना माझ्यासंगं, त्या दिवशीचं सगळं." तिनं मावशीच्या तळहातावर पेढा ठेवला आणि बोटं मिटवली. "खा की. तुज्यामुळं झालंय."

मावशीनं मुठीकडे पाहिलं नाही. पोरगी वाट बघत बसली. पंखा गरगरत होता, खालच्या वर्कशॉपमधून ग्राइंडरचा आवाज येत होता. मी दारातच उभी होते, आत जावं की नाही ते मला समजेना. बऱ्याच वेळानं मावशीच्या बोटांच्या फटीतून तुपाचा ओघळ मनगटावर आला.

पोरीनं हळूच तिची मूठ उघडली, पेढा काढून ताटलीत ठेवला, पदर ओला करून तिची बोटं एकेक करून पुसली. मग उठून चप्पल दाराबाहेर काढली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "बसा ना ताई. चहा टाकते."