सोमवारची मोजणी

माझं पोट रस्त्यावर. मी ताश्कंदपर्यंत प्रवासी व्हॅन चालवतो. लोकल बंद झाली असती तर माझी चांदीच होती. तरीही ओयनिसा आपांची बाजू मी घेतली आणि त्याचा मला जराही पस्तावा नाही.

आपा आमच्या रेल्वे फाटकावर सव्वीस वर्षं झेंडी दाखवतात. रूळ उखडून रस्ता रुंद करायचं ठरलं, तेव्हा वरून दावरोनोव्ह साहेब कागद घेऊन आले. गाडीत सकाळी जेमतेम चाळीस माणसं, असं त्यात लिहिलं होतं. फाटकवाल्याची सही तेवढी बाकी होती.

"कुठल्या वारी मोजलंत?" आपांनी विचारलं.

"सोमवारी."

फाटकाशी खोळंबलेले आम्ही सगळे हसलो. सोमवारी बाजार बंद असतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. नान विकणाऱ्या बायका, जर्दाळूचे क्रेट, दुधाच्या बरण्या, सगळं त्या दिवशी घरीच. साहेब मात्र लाल झाले.

आपांनी त्यांना रविवारी बोलावलं आणि ते आलेही, बहुधा हट्टानेच. सकाळी फाटकाशेजारच्या थांब्यावर गाडी थांबली. आपांनी त्यांच्या हाती वही दिली आणि चढणारी माणसं मोजायला लावली. चार मिनिटांत सहाशे बारा. मग फाटक उघडून आपा म्हणाल्या, आता तेवढाच वेळ रस्ता मोजा. माझ्या व्हॅनसकट एकोणसत्तर गाड्या गेल्या, माणसं एकशे चौतीस. बहुतेक गाड्यांत एकटा ड्रायव्हर, शेजारच्या सीटवर टरबूज. फाटक ओलांडून आम्ही काही जण ऐकायला तिथेच रेंगाळलो.

साहेबांनी वही मिटली. "आज अपवाद आहे," म्हणाले.

"म्हणजे आठवड्यात सहा दिवस अपवाद, आणि नियम एकट्या सोमवारचा?"

मग त्यांनी आवाज खाली आणला. सही केली नाही तर नोकरी जाईल, म्हणाले. मला भयंकर संताप आला, पण आपांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

"गाडी गेली की फाटक कोणासाठी ठेवाल, साहेब? नोकरी तशीही जाणार. मग खोट्यावर सही करून कशाला जाऊ?"

आपांनी सोमवारचा कागद साहेबांना परत केला. रविवारच्या पानावर दोन्ही आकडे लिहून सही केली आणि साक्षीदार कोण, म्हणून आमच्याकडे पाहिलं. मी व्हॅन बाजूला लावली, खाली उतरलो आणि पेन मागितलं.