मास्क आणि तिकीट

स्वाइन फ्लूच्या साथीचं वर्ष होतं. मला लहानपणापासून दमा, त्यामुळे गर्दीत मास्क लावायचाच, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पेरुंगुडीचं ऑफिस सुटल्यावर मी टी. नगरच्या बसमध्ये बसले. अख्ख्या बसमध्ये मास्कवाली मी एकटीच. शेजारची बाई माझ्याकडे बघून चक्क उठली आणि नाकाला पदर लावून गर्दीत जाऊन उभी राहिली. आधी मला रागच आला, मग गंमत वाटली. मास्क लावलाय म्हणजे हिलाच काहीतरी झालंय, असं तिला वाटलं असणार!

त्यात मास्कच्या आत जीव गुदमरायला लागला. मी तो खाली ओढून दम्याचा पंप घेतला, तर आणखी चार पदर नाकांना लागले.

आता माझ्या तिकिटाचं काय होतंय ते मला बघायचं होतं. इथे कंडक्टर आपल्याकडच्यासारखा बसभर फिरत नाही, मागे त्याच्या जागेवरच बसतो. पैसे प्रवाशांच्या हातांतून त्याच्याकडे जातात आणि तिकीट तसंच परत येतं. मी मुद्दाम त्या बाईपुढेच नोट धरली. नाकावरचा पदर न सोडता तिने ती निमूट मागे दिली. मी मान वळवून बघत राहिले. कंडक्टरने अंगठा जिभेला लावला, तिकीट फाडलं आणि पुढे धाडलं. हातोहात ते त्या बाईपर्यंत आलं. तिने ते माझ्या हातात ठेवलं आणि त्याच हाताने पदर पुन्हा नाकावर घट्ट दाबून धरला.